छत्रीचा सिनेमा

कंधार, ५ एप्रिल

चि. लुंबिनीस,
मल्लूकाकाचे आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि मी तसाच ओसरीत बसून राहिलो. सिंधूकाकूनं चहाला हाक मारली तीही ऐकू आली नाही. मग ती बाहेर येऊन म्हणाली, कविता सुचून राहिली का काय? मी म्हटलं, नाही, आनंदा सुचून राहिला.

तू सांगितलंस ते मला समजलं ते असं. धुरपतावहिनी गेल्यावर तू बाबांना लातूरला घेऊन आलीस, तेव्हापासून ते बोलत नाहीत. जेवा म्हटलं की जेवतात, गोळी दिली की घेतात, काही विचारलं तर "हं". डॉक्टर म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही. पुस्तकं उशाशी ठेवलीस, ती उघडली नाहीत. टीव्हीवर जुना सिनेमा लावलास तर भिंतीकडं तोंड करून पडले. आणि शेवटी तू म्हणालीस, "काका, आई तर गेलीच. आता बाबा बी घरातल्या घरात चाललेत." ते वाक्य मला कालपासून सोडायला तयार नाही.

फोनवर मीही बोलून पाहिलं. तुझ्या बापानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि फोन तुझ्या हातात दिला. साठ वर्षांच्या दोस्तीत त्यानं मला असं कधी रांगेतून बाहेर काढलं नव्हतं.

म्हणून एक युक्ती करून पाहावी म्हणतो. पण ती सांगण्याआधी तुला एक जुना खेळ समजावून सांगतो.

आम्ही लहान होतो तेव्हा गावात वीज नव्हती, तर सिनेमा कुठला असणार. तुझ्या बाबाचे मामा नांदेडला टॉकीजच्या मागच्या गल्लीत राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आनंदा तिकडं जायचा आणि पोटभर सिनेमे पाहून यायचा. तो आला की आम्ही सगळी पोरं गावाबाहेरच्या चिंचेखाली गोळा व्हायचो. ती चिंच आमच्याही आळीत नव्हती आणि तुमच्याही, म्हणून तिथं कुणी कुणाला "ऊठ" म्हणत नसे. भर दुपारी, झळा लागत असताना, आनंदा आम्हाला सिनेमा सांगायचा. रेल्वेची शिटी, घोड्याच्या टापा, बाईचं रडणं, सगळं तोंडानं. सिनेमांची हिंदी नावं आमच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून आम्हीच नावं ठेवायचो. टांग्याचा सिनेमा. दोन भावांचा सिनेमा. छत्रीचा सिनेमा.

एकच सिनेमा रोज ऐकून आम्हाला पाठ व्हायचा. मग आम्हीही पाळीपाळीनं सांगायचो. सांगणारा चुकला, म्हणजे काल उभा असलेला माणूस आज त्यानं बसवला, की ज्यानं चूक धरली त्यानं एक चिंचोका त्याच्या पुढ्यात ठेवायचा. चिंचोका पडला की सांगायची पाळी चूक धरणाऱ्याची. भीमाशंकर, मी, आम्ही सगळे चिंचोके खाणारे. ठेवणारा एकच, तुझा बाप. आमच्यापैकी कुणी चुकलं तर त्याला घास गिळवत नसे.

तर युक्ती ही: मी त्याला पत्रं लिहिणार आणि सिनेमे चुकीचे सांगणार. मुद्दाम. त्यातही छत्रीचा, कारण तो त्याचा जीव की प्राण. तू ऐकलाच असशील. डोंगरातल्या लहानशा स्टेशनवर शाळेची बाई उतरते, जाताना लाल छत्री विसरते. स्टेशनमास्तर ती जपून ठेवतो आणि वाट पाहतो. शेवटी एक गाडी येते, खिडकीत ती बाई असते, पण गाडी थांबत नाही. मास्तर छत्री उघडून भर उन्हात तसाच उभा राहतो. सिनेमा काळापांढरा, तरी छत्री लालच. आनंदानं सांगितली म्हणजे लाल.

तू फक्त एवढंच कर. पत्र आलं की चष्म्यासोबत त्याच्या उशाशी ठेव. वाचा म्हणू नकोस. हसू नकोस. आणि माझी युक्ती फोडू नकोस.

तुझा,
मल्लूकाका


कंधार, ९ एप्रिल

प्रिय आनंदा,

इकडं ऊन सुरू झालंय. किल्ल्याच्या खंदकातलं पाणी आटून कडेला चिखल दिसू लागलाय आणि त्यावर बगळे, जणू कुणी वहीचे कोरे कागद टाकून दिलेत. कूलरला वाळ्याचे नवे पडदे लावले. सिंधूनं गच्चीवर कुरडया घातल्यात आणि मला राखणीला बसवलंय. कावळ्यांना हाकलता हाकलता चौथीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता म्हणतो. कावळ्यांना ती आवडत नाही. मुलांनाही फारशी आवडायची नाही, पण शेवटच्या कडव्याला वर्गाचा आवाज आपसूक खाली यायचा, तेवढ्यासाठी मी तीस वर्षं ती शिकवली.

तुमच्या अंगणातल्या मोगऱ्याला रोज पाणी घालतो. किल्ली माझ्याकडंच आहे.

काल राखण करता करता छत्रीचा सिनेमा आठवत होतो. काय सुंदर होता. ती शाळेची बाई निळी छत्री विसरून जाते, आणि शेवटी गाडी थांबते, बाई उतरते, मग त्यांचं लग्न लागतं. स्टेशनावरच मांडव, वाजंत्री, सिग्नलला तोरण. मला तर वाटतं त्या काळी यापेक्षा गोड शेवट कुठल्या सिनेमाला नव्हता.

तुझं काय म्हणणं?

तुझा,
मल्लू


कंधार, २२ एप्रिल

प्रिय आनंदा,

माझं मागचं पत्र मिळालं असेलच. उत्तराची घाई नाही. लातुरात म्हणे पाणी चार-चार दिवस येत नाही, तर शाईला कुठून येणार.

वाचनालयात नवे ग्रंथपाल आलेत, रुद्रेश म्हणून. अहमदपूरकडचे. त्यांनी जुन्या कादंबऱ्या उन्हात पसरून ठेवल्या होत्या, पापडासारख्या. त्यात ती आपली जाडी कादंबरी सापडली, शेवटची पानं फाटलेली. आठवते का? तू ती वहिनींना दुपारी वाचून दाखवायचास, त्या शेवया वळत ऐकायच्या, आणि फाटलेल्या पानांपाशी आलास की न थांबता पुढं वाचत राहायचास. म्हणजे सांगत राहायचास. वहिनींना पुस्तक कुठं संपलं आणि तू कुठं सुरू झालास ते कळायचं नाही, असं तुला वाटायचं. रुद्रेश म्हणाले, शेवट नाही, रद्दीत काढतो. मी म्हटलं, शेवट आहे, लातूरला आहे.

बरं, छत्रीच्या सिनेमाबद्दल मागच्या खेपेला एक सांगायचं राहिलं. लग्नाआधी स्टेशनमास्तरचा खून होतो ना, डाकू येतात, घोड्यावरून, ती मारामारी मला फार आवडली होती. मग त्याचा जुळा भाऊ येतो आणि तोच छत्री सांभाळतो. जुळ्या भावाचं काम करणारा नट फार ताकदीचा होता. त्याचं नाव आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

सिंधू विचारते, तुला रस जातो का. आढीत गावरान आंबे घातलेत, पिकायला लागले की कुणासोबत पाठवीन.

तुझा,
मल्लू


कंधार, १ मे

चि. लुंबिनी,

तुझा फोन झाला आणि माझा धीर सुटला असं म्हणत नाही, पण जरा वाकला.

तू म्हणतेस, दोन्ही पत्रं त्यांनी वाचली. चष्मा लावून, सावकाश. मग घडी घालून उशीखाली ठेवली आणि भिंतीकडं तोंड केलं. अक्षरही बोलले नाहीत. मी जुळ्या भावावर फार भरवसा ठेवला होता, पोरी. पूर्वी असा जुळा भाऊ आम्ही कुणी आणला असता तर आनंदानं चिंचोका ठेवला नसता, फेकून मारला असता.

आणि आता जेवणही कमी झालंय म्हणालीस. अर्धी भाकरी उरते. हे मला आवडलं नाही. सिंधूकाकू म्हणाली, तुम्ही जाऊन भेटून या. मी निघालोही असतो, पण समोर बसून तो "हं" म्हणाला तर काय करायचं, याची मला भीती वाटते. पत्रात निदान त्याचं "हं" ऐकू येत नाही.

आणखी एक पत्र लिहितो. यात युक्ती नाही. युक्ती संपली माझी.

काका


कंधार, ६ मे

प्रिय आनंदा,

आज सिनेमा सांगत नाही.

सकाळी तुमच्या अंगणात गेलो तर मोगरा फुलला होता. नुसता फुलला नव्हता, उधळला होता. वहिनी असत्या तर ओंजळभर फुलं माठात टाकली असती. मी फुलं तोडली आणि मग ती घेऊन कुणाकडं जावं ते कळेना. घरी आणली. सिंधूनं माठात टाकली. दुपारी पाणी प्यालो आणि दोघंही बोललो नाही. आमच्या घरात आम्ही दोघं, तरी बोलता आलं नाही. मग तू तिकडं का बोलत नाहीस, हे मला पहिल्यांदा नीट समजलं. आजवर मी तुला बोलतं करायला निघालो होतो. तुझ्यापाशी येऊन बसायचं राहून गेलं होतं.

म्हणून आज बसतो. तू बोलू नकोस.

माझ्या मनात वहिनींची जी आठवण सगळ्यात वरती आहे ती तुला सांगतो. तुझ्या लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, तू नोकरीत नुकताच चिकटलेला. सिंधू बाळंतपणाला उदगीरला गेलेली, मी एकटा. तू म्हणालास, नांदेडला छत्रीचा सिनेमा पुन्हा लागलाय, चल, हिला दाखवायचाय. तिघं एस.टी.नं गेलो. मे महिनाच होता, खिडकीचा पत्रा हाताला पोळत होता. वहिनींनी सोबत दशम्या घेतल्या होत्या, चटणी लसणाची.

आनंदा, खरं सांगू का, त्या दिवशी पडद्यावर काय दाखवलं ते मला आठवत नाही. मी डोळ्यांनी पाहिलाय तो सिनेमा, तरी डोळे मिटले की दिसतो तो तू चिंचेखाली सांगितलेलाच. लाल छत्री, उन्हात उभा मास्तर. मला आठवतात त्या वहिनी. बायकांची बसायची बाजू वेगळी होती, आपल्या मागं, उंचावर. तुझं ध्यान पडद्यावर. शेवटाला मी मागं वळून पाहिलं. वहिनींनी हिरव्या लुगड्याचा पदर तोंडात धरला होता आणि त्यांचे खांदे गदगदत होते. आजूबाजूच्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. मला वाटलं, काय हळवं माणूस आपल्या आनंदाच्या वाट्याला आलंय. सिनेमातल्या मास्तरसाठी एवढं रडणारी. बाहेर आल्यावरही त्यांचे डोळे ओले होते. परतीच्या गाडीत मी त्यांच्याकडं पाहायचं टाळलं, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

पुढं वर्गात ती ओढ्याची कविता शिकवताना शेवटच्या कडव्याला मला दरवेळी ते गदगदणारे खांदे दिसायचे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, वहिनींनाही नाही. सांगायला हवं होतं. दुसऱ्याच्या दुःखासाठी इतकं रडणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

एवढंच. बसलो होतो, उठतो आता. पत्राचं उत्तर नको. भाकरी मात्र पुरी खा.

तुझाच,
मल्लू


लातूर, १६ मे

मल्लूस,
जयभीम.

सोबत कागदात गुंडाळून एक वस्तू पाठवली आहे. पाकीट फोडताना खाली पडली असेल तर आधी शोध, मग पुढं वाच.

सापडला? तर ऐक.

तुझ्या पहिल्या पत्रातली निळी छत्री वाचली तेव्हाच मला कळलं तू काय करून राहिलास ते. लग्न, तोरण, वाजंत्री. दुसऱ्यात डाकू आणि जुळा भाऊ. मास्तर, तू शाळेत मुलांना कसा फसवत होतास कुणास ठाऊक, तुझं खोटं दारातूनच ओळखू येतं. लुंबिनी पण पत्र ठेवताना तोंड असं घट्ट मिटायची की हिला दात दुखतो का काय वाटावं. मी गप्प राहिलो, कारण मुद्दाम केलेल्या चुकीला चिंचोका नसतो. हा नियम तुझाच. भीमाशंकरला सांगायची पाळी टाळून आंबे खायचे असायचे, म्हणून तो जाणूनबुजून चुकायचा, तेव्हा तू उठून उभा राहिला होतास आणि म्हणाला होतास, मुद्दाम चुकला तर धरायचं नाही. विसरलास ना? म्हातारा झालास.

पण तिसऱ्या पत्रात तू खरा चुकलास.

ती रडत नव्हती, मल्लू. हसत होती.

पत्र वाचलं आणि मी उठून बसलो. लुंबिनीला हाक मारली. पोरगी घाबरून धावत आली. मी म्हटलं, घरात चिंचोका आहे का. ती म्हणाली, बाबा, चिंच आहे, पण बिया काढलेली, पुडीतली. लातुरात सगळी चिंच बिया काढूनच मिळते. मग चप्पल घातली आणि मी स्वतः बाहेर पडलो. ती मागून छत्री घेऊन आली, ऊन लई आहे म्हणून. काळी आहे. दुकानं पालथी घातली, भाजीवाल्या बायांना विचारलं. एक म्हणाली, आजोबा, चिंचोक्याचं काय करता? मी म्हटलं, एकाच्या पुढ्यात ठेवायचाय. शेवटी शाळेच्या मागं झाड सापडलं. खाली वाकलो तर कंबर उठू देईना. लुंबिनीनं धरून उठवलं. ती हसत पण होती आणि रडत पण होती. तेव्हा मला तुझी चूक का झाली ते कळलं. लांबून बघणाऱ्याला खांदे सारखेच दिसतात.

तर ती का हसत होती ते सांगतो. लग्न झाल्यापासून मी तिला तो सिनेमा किती उन्हाळ्यांत सांगितला असेल त्याचा हिशेब नाही. कधी शेवया वळताना, कधी गोधडी शिवताना. तिला पाठ होता. आणि त्या दिवशी नांदेडला पडद्यावर काय होतं, तुला आठवत नाही म्हणतोस ते बरंय. छत्री साधी. खुंटीला टांगलेली, दोनदाच दिसली. खिडकीतली बाई नाही. उन्हात उभा राहणारा मास्तर नाही. गाडी येते, शिटी देते, मास्तर दार लावतो, संपला सिनेमा. बाकीचा सगळा मी मामाच्या गल्लीतून परत येताना एस.टी.त बसून घातलेला. शेवट बघून माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. वाटलं, आता ही म्हणणार, इतकी वर्षं फसवलंत.

परतीच्या गाडीत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तू पाहायचं टाळलंस म्हणून तुला दिसलं नाही, ती पदरात हसू दाबून बसली होती, तुझ्यादेखत फुटू नये म्हणून. घरी आल्यावर दार लावलं आणि म्हणाली, "तुमचा सिनेमा लई मोठा होता हो. ह्या लोकांनी पार बारका करून टाकला."

आणि माठातलं पाणी देत म्हणाली, "बसा. आता खरा सांगा."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लुंबिनीलाही कालच सांगितलं. आपल्या आईला ती गंभीर बाई म्हणूनच ओळखत होती.

तुझी शाळा, तुझं शेवटचं कडवं, सगळं चुकीच्या खांद्यांवर उभं आहे, मास्तर. पण राहू दे तसंच. कविता आता बदलायला जाऊ नकोस.

लुगडंही हिरवं नव्हतं. पण ते तू लांबून पाहिलंस, अंधार होता, म्हणून त्याचा चिंचोका ठेवत नाही. एकच ठेवला आहे.

ठेवला म्हणजे पाळी माझी. बुधवारच्या गाडीनं येतो, अहमदपूरला बदलून. लुंबिनी सोबत यायची म्हणते, मी नको म्हटलं, मग हो म्हटलं. मोगऱ्याला पाणी घालत राहा. सिंधूवहिनीला सांग, रस जातो. आणि तुमच्या ओसरीत दुपारची बाज टाकून ठेव, कारण या वेळी छत्रीचा नाही, धुरपताचा सांगणार आहे. पहिल्यापासून. तिच्या गावाला मुलगी बघायला गेलो तिथून.

लांबेल. मध्ये उठू नकोस.

आणि चुकलो तर धर.

आनंदा